नऊ वर्षांचा मुलगा आणि ‘यूए १६+’चा पिक्चर

नमस्कार ताई,

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा. दिवाळीच्या सुट्टीत दीर-जाऊ, त्यांची पोरं आणि आम्ही असे सगळे मिळून पिक्चरला गेलो. मारामारीचा आहे एवढंच माहीत होतं. त्यात एका लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या बापाला मारतात आणि तो प्रसंग लई लांबवलाय. मुलगा माझ्या कुशीत तोंड खुपसून बसला. घरी आल्यावर बघितलं, तिकिटावर ‘यूए १६+’ लिहिलेलं. बुकिंग करताना कुणी काही विचारलं नाही, दारातल्या माणसानंही हटकलं नाही.

माझे मिस्टर गोकुळ शिरगावला कारखान्यात आहेत. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेबारा होतात. पिक्चर बघितल्यापासून मुलगा ते येईपर्यंत झोपत नाही. कडी लावली का, हे उठून उठून बघतो. मिस्टर म्हणतात, “सेन्सॉरनं पास केलाय म्हणजे बघण्यासारखाच आहे. तालमीत जाणारा पोरगा, त्याला भित्रा करू नकोस.” सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी असलं काही नव्हतंच.” इकडे मुलगी मोबाइलवर १६+ची मालिका बघते. लॉकचा पिन तिला कधीच कळलाय.

हे आकडे नेमके कुणासाठी असतात? थेटरवाल्यांची तक्रार करता येते का? नाताळच्या सुट्टीत परत सगळ्यांचं जायचं ठरतंय. तो पिक्चर ‘यूए १३+’ आहे. धाकट्याला नेऊ का?

– एक आई, कोल्हापूर

प्रिय ताई,

आधी मुलाचं बघू, आकड्यांचं त्यानंतर.

तुमचा मुलगा पिक्चरला घाबरलेला नाही. तो बाबांच्या काळजीत आहे. पडद्यावर त्याच्याएवढ्या मुलाचा बाप गेला, आणि याचे बाबा रोज रात्री उशिरा, अंधारातून, एकटे घरी येतात. या दोन गोष्टी त्यानं मनात जोडल्या आहेत. कडी तपासणं, जागं राहणं हे सगळं बाबांवर राखण ठेवणं आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याच्याशी काय बोलायचं तेही सुचायला लागतं.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलं दिसण्याला घाबरतात. अक्राळविक्राळ चेहरा, अंधार, एकदम झालेला मोठा आवाज. कुशीत घेतलं, दिवा लावला, लक्ष दुसरीकडे वळवलं की ती सावरतात. नऊ-दहाच्या पुढे भीतीचा विषय बदलतो. भूत खोटं असतं हे त्यांना कळलेलं असतं, पण चोर, अपघात, आगी, आईबाप जाणं हे खरंच घडतं हेही कळायला लागलेलं असतं. म्हणून “अरे, ते सगळं खोटं असतं” एवढं सांगून त्याचं समाधान होणार नाही. पिक्चर खोटा आहे हे त्याला ठाऊक आहे. बाबांचं रात्री येणं मात्र खरं आहे.

हे बोलणं बाबांनीच करायला हवं. कुठल्या रस्त्यानं येतो, बरोबर कोण असतं, गाडी कुठं लावतो, हे सगळं त्याला नीट सांगू दे. सुट्टीच्या दिवशी दिवसाउजेडी त्याला गाडीवर बसवून तो रस्ता दाखवून आणता आला तर फारच चांगलं. शिफ्टच्या मधल्या सुट्टीत, त्याच्या झोपायच्या वेळेआधी, बाबांचा एक फोन यावा. कडी दोघांनी मिळून एकदा लावायची आणि बाबांकडे किल्ली आहे हे त्याला दाखवायचं. “एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?” हे घरात कुणीही म्हणायचं नाही. चुलत भावंडांनाही तंबी द्या, चिडवाचिडवी बिलकूल नको. भीती मोडायची म्हणून तोच प्रसंग परत दाखवायचा प्रकार तर अजिबात करू नका. मोबाइलवर त्या पिक्चरचे तुकडे येत राहतील, त्याच्या हातात फोन देताना ते ध्यानात ठेवा.

थोडा निवळला की मारामारी पडद्यावर कशी उभी करतात ते सांगा. फाइट मास्टर एकेक हालचाल ठरवून देतो, शस्त्र बोथट असतं, रक्त रंगाचं असतं, ठोशाचा आवाज नंतर भरतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि आवडतंही. कोल्हापुरात सिनेमाच्या लाइनीत काम केलेला कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत निघतो. मोरेवाडीची चित्रनगरी हाकेच्या अंतरावर आहे. अशा कुणाच्या तोंडून ऐकलं तर त्याचा जास्त विश्वास बसेल. बहुतेक मुलं काही दिवसांत यातून बाहेर येतात. काही आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, शाळेला जायला नको म्हणत असेल, पोटात दुखण्याच्या तक्रारी वाढल्या असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पिक्चरचं कारण त्यांना मोकळेपणानं सांगा.

आता आकडे.

आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. १९५२च्या चित्रपट कायद्याखाली ते काम करतं. १९८३ पर्यंत दोनच वर्ग होते, सगळ्यांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. मग मधला ‘यूए’ आला. डॉक्टरांसारख्या ठरावीक प्रेक्षकांसाठी ‘एस’ही आला, पण तो आपल्या वाट्याला येत नाही. जुन्या ‘यूए’चा अर्थ असा होता की बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही ते आईबापांनी ठरवावं. अडचण अशी की त्या एका पोत्यात सगळंच कोंबलं जायचं. थोड्याशा धसमुसळ्या विनोदी पिक्चरलाही ‘यूए’ आणि रक्ताचे पाट वाहणाऱ्यालाही ‘यूए’. २०२३ साली कायदा बदलला, २०२४ साली त्याचे नवे नियम आले, आणि ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. जुना पिक्चर पुन्हा लागला किंवा घरी बघायला घेतला आणि त्यावर नुसतंच ‘यूए’ दिसलं, तर तो सौम्य आहे असं मुळीच समजू नका. त्या नुसत्या ‘यूए’वरून फारसं काहीच कळत नाही.

तुमच्या पत्रातला कळीचा प्रश्न दारातल्या माणसाचा आहे. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालच्या कुणालाही आत सोडायचं नाही. आईबाप बरोबर असले तरी नाही. तिथे थेटरवाल्यावर कायद्याची जबाबदारी आहे. मुलांना आत सोडलेलं दिसलं तर तुम्ही व्यवस्थापकाला जाब विचारू शकता, पोलिसांकडे तक्रार करू शकता. प्रमाणपत्र देणं मंडळाचं काम, पण त्याची अंमलबजावणी राज्य सरकारकडे असते. ‘यूए’चं तसं नाही. नव्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की हे ७, १३, १६चे आकडे आईवडिलांनी किंवा पालकांनी विचारात घेण्यासाठी आहेत आणि त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी त्यांची अंमलबजावणी करायची नाही. म्हणजे त्या माणसानं तुम्हाला हटकलं नाही ते बरोबरच होतं, हटकायचा अधिकारच त्याला नव्हता. तक्रारीला इथे जागा नाही.

ताई, तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, पण मला ते मोलाचं वाटतं. सरकारनं हा निर्णय थेटरवर सोडला नाही, अॅपवर सोडला नाही, तो तुमच्या हातात दिलाय. तो आकडा तुम्हा दोघांना उद्देशून लिहिलेला निरोप आहे. तो तिकीट काढण्याआधी वाचायचा असतो. मंडळाची समिती पिक्चर बघून एवढंच सांगते की यातला मामला कुठल्या वयाच्या मुलांना झेपण्यासारखा आहे. तुमच्या घरातल्या मुलाचे बाबा रात्री साडेबाराला येतात हे त्या समितीला माहीत असायचं काही कारण नाही. ते तुम्हालाच माहीत. त्यामुळे नुसत्या आकड्यावर कधीच थांबू नका. हा आकडा कशामुळे मिळाला ते शोधा. मारामारीमुळे, शिव्यांमुळे, भीतीमुळे, दारू-गांजामुळे, की स्त्री-पुरुषांमधल्या प्रसंगांमुळे? आणि मारामारीमुळे असेल तर कोण कुणाला मारतं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन फौजा एकमेकींवर तुटून पडतात आणि शंभर माणसं पडतात, ते बघून मुलं टाळ्या पिटत घरी येतात. एका घरात घुसून एका बापाला मारतात, ते मात्र डोक्यात राहतं. आपल्यासारखं मूल पडद्यावर दिसलं की आपली मुलं त्याच्या जागी जाऊन बसतात.

तुमच्या मिस्टरांना हे त्यांच्याच भाषेत सांगा. तालमीत वस्ताद नऊ वर्षांच्या पोराची जोड वीस वर्षांच्या पैलवानाशी लावत नाही. वय बघतो, वजन बघतो, मग जोड लावतो. म्हणून पोरगा भित्रा ठरतो का? उलट असा जपूनच पैलवान तयार होतो. मुलाला धीट करायची त्यांची इच्छा चांगलीच आहे, पण आतून हादरवून कुणी धीट होत नाही. असं मूल भीती लपवायला मात्र शिकतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला सांगत नाही. तुमचा मुलगा कुशीत शिरला, कडी तपासतोय, म्हणजे तो अजून तुमच्यापासून काही लपवत नाही. हे जपायला हवं. बाबांना हेही सांगा की सध्या तो त्यांच्यासाठीच जागतोय. मला वाटतं, त्यावर ते वाद घालणार नाहीत.

सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. आज पडद्यावर ज्या बारकाईनं जखमा दाखवतात, कानठळ्या बसवणारा आवाज चारी बाजूंनी येतो, तसं त्यांच्या तरुणपणी नव्हतं. पण “नव्हतंच” असंही नाही. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की बघणारे भोवळ येऊन पडले असं सांगतात, आणि पुढे त्या प्रसंगाला कात्री लागली. मोठ्यांची ही गत. तेव्हा वयानुसार वर्गवारी नव्हती, परवानगी मिळायची नाहीतर नाकारली जायची. आज निदान आकडा छापलेला असतो. सासूबाईंना ही गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. त्यांनी टीव्हीवर बघितलेल्या पिक्चरविषयी मात्र एक सावधगिरी. ‘ए’ वर्गातला पिक्चर टीव्हीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, काटछाट करून त्याचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे “मी बघितलाय टीव्हीवर, काही नाही त्यात” हे खरं असूनही उपयोगाचं नसतं. तुम्ही तोच पिक्चर मोबाइलवर लावाल तेव्हा कापलेलं सगळं त्यात असू शकतं.

तिकीट काढण्याआधी काय बघायचं? अॅपवर पिक्चरच्या नावाजवळ भाषा, लांबी आणि हा वर्ग लिहिलेला असतो. ‘ए’ असेल तर बहुतेक अॅप पुढे जाण्याआधी सूचना दाखवतात. ‘यूए’ला तुम्हालाच थांबून बघावं लागतं. शेजारी दिसणारे तारे आणि टक्के वेगळे. ते पिक्चर लोकांना किती आवडला ते सांगतात, मुलांना चालेल की नाही ते सांगत नाहीत. दहापैकी नऊ मिळालेला पिक्चरही नऊ वर्षांच्या मुलाला अजिबात योग्य नसू शकतो. ही गल्लत मी सुशिक्षित घरांतही होताना बघते. ट्रेलरवरूनही अंदाज घेऊ नका, त्यातून नेमके कठीण प्रसंग वगळलेले असतात.

इंग्रजी पिक्चर असेल तर आयएमडीबी या सिनेमाची माहिती देणाऱ्या साइटवर पालकांसाठी वेगळा भाग असतो, त्यात प्रेक्षक प्रसंगवार लिहितात. ‘कॉमन सेन्स मीडिया’ नावाच्या साइटवर पिक्चर कितव्या वर्षापासून दाखवावा आणि का, ते नीट दिलेलं असतं. इंग्रजी ट्रेलरवर ‘पीजी-१३’ दिसलं तर ते अमेरिकेचं मोजमाप, १९८४ पासूनचं. आपल्याकडे तो पिक्चर कापलेला असू शकतो आणि त्याचा वर्गही वेगळा असू शकतो, म्हणून इथल्या थेटरात जायचं तर इथलंच प्रमाणपत्र बघा. हिंदी, मराठी आणि दक्षिणेकडच्या डब केलेल्या पिक्चरची माहिती त्या साइटवर कमी मिळते. त्यांच्यासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आधी बघून आलेला माणूस. त्याला “चांगला आहे का?” विचारू नका. “लहान मुलाला किंवा आईबापांना काही होतं का? किती वेळ दाखवलंय?” असं विचारा. पिक्चर लागल्या दिवशी पहिल्याच शोला मुलांना न्यायची घाई करू नका. दोन-तीन दिवस थांबलं की शेजारीपाजारी कुणीतरी बघून आलेलं असतंच.

आत गेल्यावर नको वाटलं तर उठून बाहेर यायचं. तिकिटाचे पैसे गेले तर गेले. मुलाच्या झोपेपेक्षा ते जास्त नाहीत. पण दहा-बारा जण बरोबर असले की उठवत नाही, लोक काय म्हणतील असं वाटतं, हे मी समजू शकते. म्हणून कडेच्या खुर्च्या घ्या आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, “नको वाटलं तर माझा हात दाब, आपण दोघं बाहेर जाऊन पॉपकॉर्न खाऊ.” कुणाला काही सांगायचीही गरज नाही.

आता मुलीचं. मोबाइलवर दिसणारा १६+ आणि थेटरातला १६+ दिसायला सारखे असले तरी देणारे वेगळे आहेत. ओटीटीवरच्या मालिकांना सेन्सॉर बोर्ड हात लावत नाही. २०२१च्या नियमांनुसार कंपनीनं स्वतःच वर्ग लावायचा, कशामुळे लावला ते थोडक्यात लिहायचं, आणि १३+ किंवा त्यावरच्या सगळ्याला कुलूप लावायची सोय द्यायची. मालिका सुरू होताना कोपऱ्यात ‘हिंसा, शिवीगाळ’ असं काही येतं ना, तेच ते कारण. थेटरपेक्षा इथे तुम्हाला जास्त माहिती मिळते, ती वाचा. पिन बदला, आणि मुलगा बघतो ते प्रोफाइल मुलांचं वेगळं करा. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइललाही पिन घाला, नाहीतर मुलांच्या प्रोफाइलला काही अर्थ उरत नाही.

पण चौदा वर्षांच्या मुलीला पिननं थांबवता येत नाही. मैत्रिणीच्या फोनवर बघेल. वर्षभरात ती मैत्रिणींबरोबर थेटरातही जाईल, आणि १६+च्या पिक्चरला तिथे तिला अडवतीलच असं धरून चालू नका, कारण आत्ताच सांगितलं. तेव्हा तिच्याशी उघड बोलणं जास्त कामाचं. तिला सांगा, “मला त्याचा एक भाग दाखव, बरोबर बघू.” बघताना तोंड वाकडं करू नका, मध्येच बंद करू नका. संपल्यावर विचारा, की यातलं तुला काय पटलं, काय विचित्र वाटलं. त्या मुलीशी तो मुलगा असा वागला ते बरोबर होतं का? चौदाव्या वर्षी मारामारीपेक्षा हे जास्त रुजतं. सिनेमात पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही मागे लागणं प्रेम म्हणून दाखवतात, आणि असला मजकूर १३+मध्येही सहज येतो. मालिका बरी वाटली तर मोकळेपणानं परवानगी द्या, फक्त रात्री उशिरा अंथरुणात एकटीनं नको आणि भावासमोर नको. नको वाटली तर “तुझं वय नाही” म्हणून उडवून लावू नका, नेमका कुठला प्रसंग खटकला ते सांगा. ती वाद घालेल, घालू दे.

राहिला नाताळचा पिक्चर. त्याला यावेळी नेऊ नका. १३+ म्हणून नाही, एरवी नऊ वर्षांच्या मुलाला एखादा १३+ आईबापांसोबत चालूनही जातो. पण आत्ता त्याची झोप जागेवर नाही. त्यात मारामारी असो वा नसो, अंधारात मोठ्या आवाजात दोन-अडीच तास बसवायची ही वेळ नाही. मात्र “तुला नेणार नाही” असं सांगून त्याला एकट्याला घरी ठेवू नका, ती शिक्षा वाटेल. जाऊबाईंची धाकटी पोरंही सात-आठची असतील तर त्यांनाही हा पिक्चर लवकरच आहे. मोठी मुलं बाबा-काकांबरोबर थेटरात जाऊ देत आणि तुम्ही, जाऊबाई, सासूबाई लहानांना घेऊन रंकाळ्यावर जा. रात्री सगळे एकत्र जेवा. हे जाऊबाईंशी आत्ताच फोनवर बोला, थेटरच्या दारात विषय काढला तर वाद होईल. मुलीला १३+ चालेल, पण त्याआधी कुणाकडून तरी चौकशी करा.

तुमच्या मुलाला परत पिक्चरला न्यायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘यू’ किंवा ‘यूए ७+’, दुपारचा शो, आणि बाबांची सुट्टी असेल त्या दिवशी. त्याच्या शेजारी बाबांनाच बसू दे.